मधल्या जुव्यावरची रेंज

आमच्या बांदवाडीत लाईट गेली की जुन्या कंपनीचा टॉवरही जायचा, आणि लाईट रोज जायची. इतकी वर्षं आम्ही ते चालवून घेतलं. पण आमच्या तन्वीला, आमच्या मुलीला, सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि माझी बायको विनीता तिच्याकडे पुण्याला गेली, तेव्हा मी नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचं ठरवलं. आंब्याच्या कलमांना मोहोर धरायचे दिवस होते. फवारणी सोडून मला हलता येत नव्हतं. निदान फोन तरी धड लागायला हवा होता.

मालवणच्या बाजारपेठेतल्या दुकानात बोटाचा ठसा दिला आणि नवं सिम घेतलं. "खाडीच्या बाजूक आता हीच कंपनी चालता," दुकानदार म्हणाला. काही दिवसांनी जुनं सिम मेलं आणि नवं जागं झालं. मी फोन हातात धरून पडवीत उभा होतो. रेंजची एक दांडी आली. मग तीही गेली.

मी जन्मभर जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. बिघाड शोधायची माझी रीत ठरलेली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय फरक पडतो ते बघायचं. फोन बंद करून चालू केला. सिम काढून त्याची पितळी बाजू खोडरबराने पुसली, दुसऱ्या खाचेत घातली. नेटवर्क हाताने निवडून पाहिलं. मग शेजारच्या तुळसाच्या फोनात माझं सिम घातलं. तुळसा माझ्या चुलतभावाची बायको, भाऊ गेल्यापासून एकटीच असते. तिच्या फोनातही माझं सिम मुकं, आणि तिचं दुसऱ्याच कंपनीचं सिम माझ्या फोनात व्यवस्थित बोलणारं. म्हणजे माझा फोन ठीक होता. उरलं सिम, नाहीतर जागा.

सिग्नलची ताकद आकड्यांत दाखवणारं एक ॲप मी उतरवून घेतलं आणि घराभोवती फिरायला लागलो. स्वयंपाकघरात काही नाही. विहिरीपाशी नावापुरतं. मागच्या कलमांच्या चढावर तर पार शून्य. आचऱ्याच्या रस्त्यावरचा टॉवर आमच्या डोंगराआड लपतो, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खाली उतरताना. कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून मी खाडीच्या दिशेने जसजसा चालत गेलो तसतसा आकडा सुधारत गेला. होड्या लागतात त्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दोन दांड्या उभ्या होत्या. ॲपमध्ये टॉवरची दिशा दाखवणारा एक बाण असतो. तो पाण्यापलीकडे, मधल्या जुव्याकडे रोखलेला होता.

खाडीच्या पात्रात गाळ साठून झालेल्या बेटांना आमच्याकडे जुवा म्हणतात. काही जुव्यांवर अजून घरं आहेत, पोरं होडीने शाळेत येतात. मधल्या जुव्यावर एकच घर होतं, परशुराम नावाच्या माणसाचं. तो वारला, त्याची माणसं कसालला राहायला गेली. आता तिथे माड, कौलांचं एक छप्पर आणि कांदळवन. विजेचा खांबसुद्धा कधी गेला नाही तिथे, टॉवर कुठून असणार? पाण्यावरून सिग्नल उसळी मारतो हे मला ठाऊक होतं. पलीकडच्या हडी गावाच्या बाजूचा टॉवर पाण्यावरून मला मिळत असेल. दोष जागेचा, असं मी ठरवलं आणि कामाला लागलो.

त्या आठवड्यात विहिरीचा पंप पाणी धरेनासा झाला. पंप दुरुस्त करणाऱ्या सुशांतला बोलवायला हवं, असं मनात घोळत होतं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच दारात हजर, हातात पंपाच्या पाइपाच्या तळाला बसवायचा नवा फुटवॉल.

"कोणी सांगितलं रे तुका?" मी विचारलं.

"कोणी म्हणजे? तुमीच काल फोनार सांगितलास मां, फुटवॉल बदलूक व्हयो म्हणान. माप पण तुमीच दिलास."

"मी?"

"तर काय!" तो हसला. "आवशीची तब्येत पण इचारलास. ती खूश झाली."

माप बरोबर होतं. तो पंप जोडून गेल्यावर मी फोन उघडून पाहिला. कालच्या दिवसात एकही कॉल नव्हता, आलेला नाही की केलेला नाही. सुशांतच्या आईची तब्येत बरी नसते, हेही मला त्याच्याकडूनच कळत होतं.

मग तन्वीचे मेसेज यायला लागले. धक्क्यावर गेलं की ते साठलेले एकदम उतरायचे. "आज बोलून बरं वाटलं, बाबा." "काल भीती वाटत होती, तुमच्याशी बोलल्यावर झोप लागली." माझं फोनवरचं बोलणं जहाजावर घडलेलं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. त्यावर कुणाला झोप लागावी असं त्यात काही नाही. मी धक्क्यावरूनच तिला फोन लावला.

"अहो बाबा, आत्ताच तर बोललो आपण," ती म्हणाली. तिचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा वाटत होता. "परत त्या पाणमांजराचं सांगणार आहात का? पिल्लं आली होती आज?"

"कुठली पिल्लं?"

"घ्या! रोज तर सांगता. जुव्याच्या चिखलात येतात, एक पिल्लू सारखं मागे राहतं. मी बाळाला पण सांगितलं त्याचं."

"हो," मी म्हणालो. तेवढ्यात रेंज गेली.

मी तिथेच उभा राहून पलीकडे बघत राहिलो. धक्क्यावरून जुव्याचा फक्त अलीकडचा, माडांचा काठ दिसतो. चिखलाची बाजू पलीकडे आहे. पाणमांजरं खाडीत आहेत हे मी ऐकून होतो. पाहिली कधीच नव्हती.

तन्वीला खरं सांगावं असं एकदा मनात आलं. पण काय सांगणार? तुझ्याशी बोलतो तो मी नव्हे? त्या अवस्थेत? डॉक्टरांनी तिला जिना उतरायलाही बंदी केली होती.

आधी मी स्वतःवर संशय घेतला. माझं वय बासष्ट. बोलून विसरत असेन. म्हणून बिघाड शोधतो तसंच हेही तपासून पाहिलं. एके दुपारी जेवल्यावर फोन बंद करून तुळसाकडे ठेवायला दिला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याच अंगणात सुपाऱ्या वाळत घालायला मदत करत बसलो. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन फोन चालू केला. तन्वीचा मेसेज उतरला. "बाबा, आज किती छान गायलात! तुम्हाला गाता येतं हे माहीतच नव्हतं."

फोन बंद असला किंवा रेंजबाहेर असला की कॉल दुसऱ्या नंबरावर वळवायची सोय असते. ती चालू आहे का, हे तपासायचा एक कोड असतो. मी तो दाबला. वळवणी चालू होती. खाली नंबर आला. मी तो दोनदा वाचला. माझे कॉल माझ्याच नंबराकडे वळत होते.

दुसऱ्या दिवशी तुळसाच्या फोनवरून मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. एका मुलीने घेतला. आवाज गोड, मराठी पुस्तकी. मी माझा नंबर दिला, पत्ता दिला, रेंज नसल्याची तक्रार सांगितली. ती काहीतरी बघत होती, बोटांचा आवाज ऐकू येत होता.

"सर, आपल्या नंबरला तर उत्तम नेटवर्क मिळत आहे."

"माझा फोन माझ्यासमोर आहे. त्यावर रेंज नाही."

"सर, पण..." ती घुटमळली. "आपला नंबर आत्ता दुसऱ्या कॉलवर व्यग्र आहे. बराच वेळ झाला."

माझा फोन तुळसाच्या ओट्यावर, सुपाशेजारी पालथा पडला होता. मी तो उलटा केला. पडदा काळा होता.

मी तुळसाच्याच फोनवरून माझा नंबर लावला. आधी व्यग्र लागला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तर रिंग जायला लागली. ओट्यावरचा फोन गप्प होता. तिकडे कुणीतरी उचलला. कोणी बोललं नाही. पाणी काठाला लागण्याचा बारीक आवाज येत होता, आणि झावळ्यांचा. माडांत वारा असला की येतो तसा. मग कुणीतरी घसा खाकरला. बोलायला सुरुवात करण्याआधी मी खाकरतो, तसाच.

मी फोन ठेवून दिला.

"कोण होतो?" तुळसाने विचारलं.

"कोण नाय."

तिने सूप बाजूला सारलं. "पाणी हाडू? तोंड बगा कसा झालासा."

तिसऱ्या दिवशी तुळसा धावत धावत माझ्या पडवीत आली. फोन तिने पुढे धरला होता. "घेवा, वैनींचो फोन आसा. घाबरू नकात, चेडू झाला, चेडू!"

विनीता रडत होती आणि हसतही होती. तन्वीला मुलगी झाली होती, वेळेच्या पुष्कळ आधी, पण दोघी सुखरूप होत्या. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

"तुमचा फोन लागेना, म्हणून तुळसावहिनींना लावला. अहो, कसं कळलं हो तुम्हाला?"

"काय कसं कळलं?"

"तन्वीला काही होत नव्हतं. पडून होती छान. तुमचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात, आत्ताच्या आत्ता ऊठ, आईला घे आणि दवाखान्यात जा. ती म्हणाली मला बरं आहे, तर तुम्ही ओरडलात म्हणे तिच्यावर. तिथे गेलो तर बाळाचे ठोके उतरत चालले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर..." 

मी पायरीवर बसलो. त्या वेळी मी मागच्या कलमांवर होतो, फवारणीचा पंप पाठीला लावून. मला भीती वाटली. पण त्याबरोबर दुसरंही काही होतं, ते कबूल करायला हवं. जो कोणी होता त्याचे पाय धरावेत असं मला वाटत होतं. माझी नात त्याने वाचवली होती. आणि त्याला जे कळलं ते मला, तिच्या आजोबाला, कळलं नव्हतं.

आता मला बघायचंच होतं.

महादू मासेमारीला होडी काढतो. मी त्याला मधल्या जुव्यावर सोड म्हटलं.

"थंय कित्याक?" तो म्हणाला. "थंय कोण नाय आता."

"रेंज बघूक."

तो हसला नाही. भरती भरत आल्यावर, उन्हं चढलेली असताना आम्ही निघालो. जुव्याच्या काठाला होडी टेकवून तो वल्हं हातात धरूनच बसला. "मी हंयच आसंय. सुकती लागली की होडी रुतात. बेगीन येवा."

काठावर उतरलो आणि खिशात फोन थरथरला. साठलेले मेसेज येत होते. पडद्यावर सगळ्या दांड्या उभ्या होत्या. इतकी रेंज मी मुंबईतही पाहिली नव्हती. ॲप उघडलं. बाण एका जागी थांबेना. तो हळूहळू गोल फिरत होता, होकायंत्र ध्रुवावर नेलं तर फिरेल तसा.

माडांमधून पायवाट होती. वर्षानुवर्षं कोणी येत नसलेल्या जागी वाट बुजायला हवी. ही वहिवाटीची होती, मधली माती घट्ट, गुळगुळीत. पलीकडच्या बाजूला चिखल दिसला आणि चिखलात पाणमांजरांचे पंजे उमटलेले दिसले, मोठे आणि लहान. एका लहान पंजाची रांग बाकीच्यांपासून जरा मागे होती.

परशुरामाच्या घराला बाहेरून कुलूप होतं, गंजून कडीशी एक झालेलं. कौलं सरकली होती. अंगण मात्र झाडलेलं होतं. खराट्याच्या रेषा स्पष्ट होत्या, त्यांवर एकही पाऊल नव्हतं.

मी तन्वीला फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे, असं मशीन सांगायला लागलं.

आणि घराच्या मागच्या बाजूने हसण्याचा आवाज आला.

हलका, समजूत घालणारा. मी फोन कानावरून काढला. कुणीतरी बोलत होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण चढउतार कळत होते. आवाज माझा होता.

माणसाने स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की त्याला तो परका वाटतो. हा तसा वाटला नाही. आतून ऐकू येतो तसा होता.

मी भिंतीला धरून मागे गेलो. मागच्या ओट्यावर कोणी नव्हतं.

आवाज आता पुढच्या अंगणातून येत होता.

"...वजन वाढेल गं. तूही अशीच होतीस, मुठीएवढी. मी रोज बघत बसायचो तुझ्याकडे..."

तन्वी जन्मली तेव्हा मी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होतो. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बसायला लागली होती.

"कोण आसा?" मी ओरडलो.

आवाज थांबला. अर्ध्या शब्दावर.

वारा नव्हता. झावळ्या स्थिर होत्या.

मग तो पुन्हा बोलला, हळू, फोनवर बोलताना तोंड जरा बाजूला करून बोलावं तसा.

"थांब हं बाळा. दारात कुणीतरी आलंय."

मी धावत पुढे गेलो. अंगणात खराट्याच्या रेषा तशाच होत्या. पायरीवर कोणी नव्हतं. मी पायरीला हात लावला. चिऱ्याचा दगड, दिवसभर सावलीतला. तो उबदार होता. कोणी खूप वेळ बसून नुकतंच उठावं तसा.

मी होडीत बसलो, महादूने वल्हं मारलं. आमच्या धक्क्याशी आलो तेव्हा फोनवर तन्वीचा मेसेज उतरला.

"कोण आलं होतं, बाबा?"

मी धक्क्यावर उतरलो. मग लिहिलं, "कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन मी ते सिम बंद करायला लावलं. त्याच नंबराचं नवं सिम घेतलं, दुकानदाराकडून वळवणी रद्द करून घेतली, त्याच्यासमोर कोड दाबून खात्री केली. जुनं सिम कात्रीने कापलं. घरी परतलो तर पडवीत, माजघरात, अगदी मागच्या चढावरसुद्धा सगळ्या दांड्या उभ्या. तुळसाच्या फोनवरून माझा नंबर लावून पाहिला. माझ्या हातातला फोन वाजला. मी तो पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. सुशांतला विचारलं, मधे कधी बोललो का आपण. नाही म्हणाला. सगळं जागच्या जागी होतं. काय बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाळाला घरी आणलं त्या दुपारी मी तन्वीला फोन लावायला बसलो. नवं सिम घेतल्यापासून तिच्याशी बोलायचा धीर मला झाला नव्हता. काय बोलायचं ते आधी मनात जुळवलं. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. बाळ कुणासारखं दिसतं, असं विचारायचं. तू खूप धीराने घेतलंस, असं सांगायचं. घाई करायची नाही.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"तन्वी," मी म्हणालो, "कशी आहेस गं? बाळ झोपलंय का? मी... तू खूप सोसलंस गं, बाळा."

 मागे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं, पंख्याचा आवाज येत होता. लाईन इतकी स्वच्छ होती की तिचा श्वासही कळत होता.

"तन्वी? मी बाबा बोलतोय."

तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा. तरीही मला ऐकू आलं.

"आई, जरा बघ गं. बाबांच्या नंबरवरून कुणीतरी बोलतंय. त्यांचा आवाज काढतंय."

फोन हातातून हातात गेला. बांगड्या वाजल्या. विनीताचा आवाज आला, दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा, अगदी सभ्य.

"हॅलो? कोण हवंय आपल्याला?"